स्लोवरचा काटा

खेरवाडी, वांद्रे (पूर्व)
८ जून

चि. मंदार,

तू पाठवलेला व्हिडिओ तीनदा पाहिला. कलानगरच्या सिग्नलला गाडी उभी, वायपर चालू, मागे कोणीतरी हॉर्नवर हात ठेवून बसलेला, आणि ऑइल प्रेशरचा काटा लालात जाऊन टेकलेला. तू रेस देतोस, काटा उठतो. पाय काढतोस, पुन्हा लोळतो. खाली लिहिलंयस, "काका, मामा म्हणतो इंजिन गेलं. गॅरेजवाला म्हणतो जाड ऑइल टाका, वर्षभर बघायला नको. कोणाचं ऐकू?"

सध्या कोणाचंच ऐकू नकोस. माझंही लगेच नको, कारण मी अजून गाडीला हात लावलेला नाही. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू "हो काका, हो काका" करतोस आणि निम्मं विसरतोस. म्हणून कागद. तुझ्या आयटीआयच्या वहीत घालून ठेव. 'मेकॅनिक डिझेल'चं तुमचं वर्ष एकच असतं, त्यात मास्तरांना एवढं सगळं सांगायला सवड कुठून मिळणार?

मामाची गाडी म्हणजे टाटाची २५१८, दहा टायरी डंपर. नावातच तिची कुंडली आहे : एकूण वजन पंचवीस टन, ताकद एकशे ऐंशी घोडे. आत कमिन्सचं सहा सिलिंडरांचं ५.९ लिटरचं इंजिन, बोअर १०२ आणि स्ट्रोक १२० मिलिमीटर. टाटा आणि कमिन्स यांनी १९९३ साली भागीदारी केली, जमशेदपूरला कारखाना काढला, आणि हे इंजिन आपल्याकडे इतकं रुळलं की आपल्या बाजूचा कोणताही फिटर ते झोपेत खोलेल. तीच पंचाईत आहे. ज्याला जे खोलता येतं तो ते आधी खोलतो, विचार मागाहून करतो.

आधी हे डोक्यात बसू दे की ऑइल पंप प्रेशर बनवत नाही. तुझ्या पुस्तकात काही का छापलेलं असेना.

आम्ही हाउसिंग बोर्डाच्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायचो. पहाटे पाणी यायचं. तळमजल्यावर सगळ्यांनी नळ सोडले की आमच्या नळातून नुसती हवा सुसकारायची. मग आई गॅलरीतून ओरडायची, "अगं, जरा बंद करा गं!" खालच्या दोघींनी नळ पिरगळले की आमच्या बादलीत धार पडू लागायची. वॉर्डातून येणारं पाणी तेवढंच होतं. खाली वाट मोकळी होती, म्हणून वर जोर नव्हता. काही वर्षांनी खालच्या मजल्याचे पाइप गंजून सांध्यांतून झिरपायला लागले, तेव्हा तर सगळे नळ बंद असतानाही आमच्याकडे करंगळीएवढीच धार येई.

इंजिनात हेच चालतं. पंप क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला ठरावीक माप ऑइल पुढे लोटतो. ते ब्लॉकमधल्या ऑइल गॅलरीतून मेन बेअरिंगला जातं, तिथून क्रँकच्या आतल्या भोकांतून बिगएंडला, कॅमला, वर रॉकरला, टर्बोला. प्रत्येक ठिकाणी एका बारीक फटीतून निसटून ते परत खाली ऑइलच्या चेंबरमध्ये पडतं. या फटींतून निघताना त्याला जी अडचण होते, तीच काट्यावर प्रेशर म्हणून दिसते. क्रँक आणि बेअरिंगचा शेल यांच्यातली फट असते पाच-दहा शतांश मिलिमीटर, म्हणजे साधारण केसाएवढी. ही फट दुप्पट झाली तर गळती दुप्पट होत नाही, आठपट होते. ऑइलची वाट फटीच्या घनाच्या हिशोबाने मोकळी होत जाते. म्हणून झीज डोळ्याला दिसायच्या आत काट्याला कळते.

दुसरी गोष्ट ऑइलच्या जाडीची. तुझ्या गाडीत १५डब्ल्यू-४० आहे. ते ४० अंशांना साधारण ११० सेंटिस्टोक असतं आणि १०० अंशांना १४-१५. म्हणजे गाडी तापली की तेच ऑइल सातपट पातळ. सकाळी थंड इंजिनावर काटा ताठ उभा राहतो त्याचं श्रेय ऑइलच्या जाडीला आहे. इंजिनाची तब्येत त्यावरून कळत नाही.

आता रेसचं बघ. स्लोवर सातशे फेरे, रेस दिलीस की दोन हजार. पंप जवळजवळ तिप्पट ऑइल लोटतो, फटी त्याच राहतात, काटा चढतो. आणखी वर गेला की रिलीफ वॉल्व्ह जादा ऑइल सोडून देतो, काटा तिथे अडतो. त्यामुळे चांगलं इंजिन आणि झिजलेलं इंजिन रेसवर जुळे भाऊ दिसू शकतात. ड्रायव्हर लोक म्हणतात, "रेस दिल्यावर येतंय ना वर, मग ठीक आहे." यात ठीक काहीच नाही. उलट जो मालक तापल्यावर स्लोवर काटा बघतो, त्याला सहा महिने आधी कळतं. तू सिग्नलला तो बघितलास याबद्दल तुला शाबासकी. मामा इतकी वर्षं कलानगरला उभा राहतोय, त्याने सिग्नल सोडून दुसरीकडे कधी बघितलं असेल असं वाटत नाही.

आणि घाबरूही नकोस, कारण लागणारा आकडा तुला वाटतो त्याहून फार लहान आहे. कमिन्सच्या या ५.९ लिटरच्या बी सिरीजला गरम इंजिनावर, स्लोवर, किमान १० पीएसआय लागतात आणि पूर्ण रेसवर किमान ३०. गॅरेजच्या भाषेत ०.७ किलो आणि २.१ किलो. मामाला ०.७ सांगितलंस तर तो म्हणेल, सायकलच्या ट्यूबमध्ये याच्या तिप्पट हवा भरतो. भरू दे. त्याला पुढची गोष्ट सांग.

१८८३ साली इंग्लंडात बीचम टॉवर नावाचा इंजिनिअर रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. ऑइल घालायला म्हणून त्याने बेअरिंगच्या माथ्याला भोक पाडलं. आस फिरू लागला तर ऑइल आत जाण्याऐवजी भोकातून वर येऊ लागलं. त्याने बूच मारलं, ते उडालं. लाकडाची खुंटी ठोकली, तीही हळूहळू वर सरकून बाहेर पडली. शेवटी तिथे गेज लावला तेव्हा काटा २०० पीएसआयच्या पुढे गेला. बेअरिंगवरचा सरासरी भार होता त्याच्या निम्मा, आणि पंप तर तिथे नव्हताच! तीन वर्षांनी ऑसबोर्न रेनॉल्ड्सने याचं गणित मांडलं. फिरणारा दांडा ऑइलला आपल्यासोबत ओढत निमुळत्या फटीत कोंबतो, आणि त्या ऑइलच्या पाचरीवर स्वतः तरंगतो. क्रँकला उचलून धरणारं प्रेशर क्रँक स्वतः तयार करतो. पंपाने फक्त पानात वाढायचं असतं, ताट रिकामं पडू द्यायचं नाही. त्याला ०.७ किलो पुरतं.

मात्र ही पाचर दोन गोष्टींवर उभी राहते, ऑइलची जाडी आणि दांड्याचा वेग. स्लोवर वेग कमी आणि तापलेलं ऑइल पातळ. तरी उभ्या गाडीत भार नसतो, म्हणून निभावतं. खरी वाईट वेळ त्याच्या पुढच्या क्षणी येते. सिग्नल सुटतो, डेब्रिजने भरलेली गाडी तू कमी फेऱ्यांवर पुलाच्या चढणीला घालतोस, भार एकदम येतो आणि वेग अजून आलेला नसतो. काटा लालात असताना हे करायचं नाही. निदान निकाल लागेपर्यंत तरी गियर खालचा ठेव, फेरे वर ठेव, इंजिन घुसमटू देऊ नकोस. आणि काटा लालात असताना खालून ठोक ऐकू आली, तर गाडी तिथेच बंद कर. हायवेच्या मधोमध असलास तरी बंद कर. टोइंगचे पैसे क्रँकपेक्षा कमी असतात.

आता कामाला लाग.

सुरुवात डिपस्टिकपासून. गाडी सपाटीवर उभी कर, बंद करून दहा-पंधरा मिनिटं थांब, मग पट्टी काढ. तू मेसेजमध्ये मोठ्या अभिमानाने लिहिलंयस की "ऑइल अजिबात खात नाही, उलट खुणेच्या वरच आहे." ते वाचलं आणि मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. एवढी चाललेली गाडी थोडंफार ऑइल खातेच. पातळी खाली न येता वर जात असेल, तर आत दुसरं काहीतरी येतंय. पाणी आलं तर ऑइल दुधाळ होतं, चहासारखं, आणि रेडिएटरची पातळी उतरते. ते तू बघितलं असतंस. डिझेल आलं तर रंग काळाच राहतो आणि कोणालाच कळत नाही.

पट्टीचा वास घे. दोन बोटांत ऑइल चोळ, तार धरतंय का बघ. मग वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर एक थेंब सोड आणि रात्रभर ठेव. चांगलं ऑइल आपला काळा डाग धरून बसतं. डिझेल मिसळलेलं असेल तर डागाभोवती फिकट, तेलकट कडं बाहेर बाहेर पसरत जातं. ही परीक्षा प्रयोगशाळेची नाही, पण फुकट आहे आणि मला तिने क्वचितच फसवलंय. डिझेल निघालं तर शोध बाहेर घ्यायचा. फीड पंप डायफ्रामचा असेल तर पडदा फाटलाय का, पिस्टनचा असेल तर त्याची सील गेली आहे का, मायको पंपाचे एलिमेंट झिजलेत का, एखादा नोझल थेंब टाकतोय का. यातल्या एकाही गोष्टीसाठी चेंबर खोलावा लागत नाही. दुरुस्त कर, नवं ऑइल आणि नवा फिल्टर घाल, पुन्हा काटा बघ. मात्र एक विसरू नकोस. अशा पातळ ऑइलवर गाडी किती महिने चालली ते विचार, कारण तेवढे महिने बेअरिंगनीही सोसलेलं असतं.

पट्टीनंतर स्लो किती आहे ते मोज. डिझेल वाचवायला म्हणून कोणीतरी स्क्रू फिरवून ठेवतो, सातशेच्या जागी गाडी साडेपाचशेवर घरघरत राहते. पंपाचं ऑइल तिथेच पाचव्या हिश्शाने घटलं. मग काटा पडला तर त्या बिचाऱ्याचा काय दोष!

यानंतरची पायरी कोणी चुकवायची नाही, आणि सगळे हीच चुकवतात. डॅशबोर्डच्या मीटरला साक्षीदार धरू नकोस. तो काटा प्रेशर बघतच नाही. ब्लॉकवरच्या सेंडर युनिटमधून आलेली वीज तो बघतो. सेंडर म्हातारा झाला, वायरीची पिन गंजली, अर्थिंग सैल झालं की काटा मनाला येईल ते सांगतो, आणि पावसाळ्यात जास्तच. सेंडर काढ आणि त्याच्या आट्यांत बसेल असा जोड लावून साधा मेकॅनिकल गेज बसव, ज्याच्या नळीत खरं ऑइल येतं असा. मामा म्हणेल कशाला खर्च. त्याला सांग, एका टायरच्या पंक्चरचा हिशोब धर.

गेज लावून चार आकडे लिहून घ्यायचे. थंड इंजिन स्लोवर. मग गाडी भरलेली घेऊन हायवेने अंधेरीच्या पुलापर्यंत जाऊन ये, कारण उभ्या गाडीत पाण्याचा काटा चढतो आणि ऑइल मागेच राहतं. परत आल्यावर गरम स्लोवर, गरम दीड हजारावर, आणि गरम पूर्ण रेसवर. डोक्यात ठेवू नकोस, लिही. बाजूला तारीख, किलोमीटर आणि ऑइलचं नाव.

गेज चांगला आकडा दाखवतोय आणि मीटर लालात, तर सेंडर बदल, मामाला चहा पाज, विषय संपला. थंड इंजिनावर उत्तम, रेसवर उत्तम, फक्त गरम स्लोवर ०.७ च्या खाली असेल तर एकतर ऑइल पातळ झालंय किंवा फटी वाढल्यात. चारही आकडे पडलेले आणि रेसवरही काटा दीड किलोवर अडकून बसला, तर बेअरिंगवर आळ घ्यायच्या आधी रिलीफ वॉल्व्ह, पंप आणि सक्शन बघ. काटा थरथरत असेल, किंवा फेरे वाढवले की चढायच्या ऐवजी उतरत असेल, तर सक्शन पाइपला चीर आहे, त्याचं पॅकिंग गेलंय किंवा जाळी तुंबली आहे. पंप ऑइलबरोबर हवा पितोय.

रिलीफ वॉल्व्हबद्दल माझी एक जुनी गोष्ट आहे. तुझ्या आजोबांनाही मी ती सांगितली नव्हती.

मी तुझ्याएवढा होतो. रेक्लमेशनच्या बाजूला मोकळ्या जागेत ताडपत्री टाकून आमचं गॅरेज चाले. उस्ताद, मी आणि आणखी एक पोऱ्या. एका ट्रकचं इंजिन आम्ही बांधून दिलं होतं. महिन्याभरात ड्रायव्हर परत आला, स्लोवर प्रेशर नाही. तो हेही म्हणाला की रेसवरसुद्धा काटा पूर्वीसारखा चढत नाही. आम्ही ते ऐकून सोडून दिलं. उस्तादांनी चेंबर उतरवला. तीन दिवस आम्ही पाठीवर पडून होतो, अंगावर ऑइल ठिबकत. शेल काढले, चांगले होते. तरी नवे घातले, कारण खोललंय तर घाला, हा आपल्या धंद्याचा जुना रोग. चेंबर लावला, गाडी चालू केली, काटा जिथल्या तिथे!

चौथ्या दिवशी उस्ताद नमाजाला गेले असताना मी सहज रिलीफ वॉल्व्हचा बोल्ट सोडला. आत सीटवर एक दोरा अडकला होता. कॉटन वेस्टचा, बोटभर लांब, ऑइलमध्ये भिजून काळा झालेला. वॉल्व्ह बसतच नव्हता, निम्मं ऑइल तिथूनच परत चेंबरला जात होतं. आणि इंजिन बांधताना ते सगळे भाग वेस्टने पुसले होते मी.

दोरा मी खिशात टाकला. उस्ताद आल्यावर म्हणालो, "वॉल्व्हमध्ये कचरा होता." त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं, मग खिशाकडे बघितलं आणि म्हणाले, "लगा दे." गाडी चालू केली, काटा उठला. दुसऱ्या दिवशी गॅरेजमधून वेस्टचा गठ्ठा गायब झाला आणि त्याच्या जागी जुन्या धोतरांचं गाठोडं आलं. उस्ताद त्यावर कधी एक शब्द बोलले नाहीत. त्या ड्रायव्हरचं एक वाक्य आम्ही ऐकलं असतं, तर तीन दिवस आणि शेलचा एक सेट वाचला असता.

तुझ्या इंजिनावर हा वॉल्व्ह चेंबरच्या आत नाही, बाजूला फिल्टर आणि कूलरच्या हेडमध्ये आहे. एक प्लग सोडला की स्प्रिंग आणि प्लंजर हातात येतात. प्लंजर स्वच्छ ऑइल लावून त्याच्या भोकात सोड, स्वतःच्या वजनाने घसरला पाहिजे. अडखळला, ओरखडा दिसला, स्प्रिंग खचलेली वाटली, तर तिथेच थांब. आणि पुसायला धोतर वापर.

तेही चांगलं निघालं तर फिल्टर फाडायचा. हॅक्सॉने फाडू नकोस. ब्लेडचा स्वतःचा कीस आत पडतो आणि मग तू बेअरिंगच्या नावाने रडत बसतोस. फिल्टर कापायचा कटर मिळतो, पाइप कटरसारखा गोल फिरणारा. तो आणायचा. आतला कागद कापून चुणी उलगड, पांढऱ्या थाळीत रॉकेल किंवा डिझेल घेऊन धू आणि थाळी उन्हात धर. पाऊस असेल तर टॉर्चखाली. चुंबकाला चिकटलं तर लोखंड किंवा पोलाद. न चिकटणारी राखाडी चमक शेलच्या वरच्या पातळ थराची असू शकते, शिसं-कथलाची. तांबूस चमक दिसली तर तो थर संपून खालचं तांबं उघडं पडलंय. मग मात्र चेंबर उतरवायचा, त्याला दुसरा इलाज नाही. थोडी करडी धूळ प्रत्येक फिल्टरमध्ये असते, तिला बघून मामाला फोन करू नकोस.

चेंबर उतरवलास की आधी सक्शन पाइप आणि त्याचं पॅकिंग बघ. पिस्टनच्या पोटावर ऑइल मारणारे जेट सगळे जागेवर आहेत का ते मोज. एखादा जेट निखळलेला असेल तर प्रेशर हळूहळू घसरत नाही, एका दिवसात पडतं. म्हणून मामाला आज विचार : काटा महिनोन्‌महिने खाली येत गेला, की एका सकाळी पडला? ऑइल बदलल्यानंतर पडला का? फिल्टर कोणत्या दुकानातला? कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर पुठ्ठ्याचा खोका अस्सल आणि आतला माल भलताच, असेही फिल्टर मी हातात घेतलेत.

मग एक मेन कॅप आणि एक बिगएंड कॅप उघड. सगळ्या एकदम नकोत. कॅपवरचे नंबर आणि दिशा उघडायच्या आधी लिहून घे, त्यांची अदलाबदल म्हणजे क्रँकची हत्या. प्लॅस्टीगेजची बारीक वात जर्नलवर ठेव, कॅप मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला आवळ, क्रँक फिरवू नकोस, पुन्हा उघड आणि चपटी झालेली वात पट्टीशी ताडून बघ. फट मर्यादेत असेल आणि जर्नल गुळगुळीत असेल तर नुसते शेल बदलून चालतं. नखाला रेघ लागली तर क्रँक ग्राइंडिंगला, पाव किंवा अर्धा मिलिमीटर अंडरसाइझ. तिथे घासून झाल्यावर भोकांतला कीस ब्रशने आणि हवेने साफ केलाय का, ते समोर उभं राहून बघ. "केलंय साहेब" यावर जाऊ नकोस. आणि कॅमचं पुढचं बुश बघायला विसरू नकोस. लोक क्रँकवर हजारो रुपये घालतात आणि ऑइल तिथून पळत राहतं.

राहिला गॅरेजवाल्याचा सल्ला. जाड ऑइलने काटा उठेल, तो खोटं सांगत नाहीये. १०० अंशांना ४० ग्रेडचं ऑइल १२.५ ते १६.३ सेंटिस्टोकच्या मध्ये असतं, ५० ग्रेडचं १६.३ पासून २१.९ पर्यंत. तेवढी अडचण वाढते, तेवढा काटा वर जातो. मुंबईत थंडी नाही, त्यामुळे सकाळी जाड ऑइल वर पोचायला उशीर होतो हे भयही इथे फारसं नाही. मी स्वतः अशा गाड्या २०डब्ल्यू-५० वर दिवाळीपर्यंत ढकलल्यात, जेव्हा फटी मोजलेल्या होत्या, काम ठरलेलं होतं आणि मालकाकडे तेव्हा पैसे नव्हते. पण मोजायच्या आधी टाकलेलं जाड ऑइल पुरावा पुसून टाकतं. डिझेल गळत असेल तर ते झाकलं जातं, वॉल्व्हमधला दोरा झाकला जातो, आणि काटा पुन्हा लालात येईल तेव्हा ऑइल जाड करून सुटायची वाट उरलेली नसेल. म्हणून आधी आकडे, मग ऑइल. मामा ऐकत नसेल तर माझं नाव सांग. तो माझ्याकडे पाना धरायला शिकलाय, एवढं तरी ऐकेल.

गेज माझ्याकडे आहे. कपाटाखाली पत्र्याच्या डब्यात, जुन्या पितळी जोडांसकट. आट्या जुळतात का ते आणून लावून बघ, नाही जुळल्या तर जोड टर्नरकडून करून घेऊ. येताना खेरवाडीच्या सिग्नलकडून ये, कलानगरला संध्याकाळी अडकशील आणि इंजिन चालू ठेवून उभा राहशील. शक्य असेल तर गाडी आणूच नकोस, रिक्षाने ये.

पण मला खरी उत्सुकता त्या पट्टीची आहे. आज रात्री गाडी लावलीस की वर्तमानपत्रावर थेंब सोड आणि सकाळी त्याचा फोटो पाठव, उजेडात काढलेला. बोटांचा वास घेऊन काय वाटतं तेही लिही. मी साडेपाचला उठतो.

आईला नमस्कार सांग. तिने दिलेला आंब्याचा रस संपला, बरणी धुऊन ठेवली आहे.

तुझा
भाऊकाका